जूनची उचल, दसऱ्याचा माल : कोल्हापुरी चप्पल करणाऱ्या एका घराचं प्रकरण

कोल्हापुरात सुभाषनगर, जवाहरनगरच्या गल्ल्यांत चप्पल तयार होते आणि भवानी मंडपाच्या बाजूच्या चप्पल लाईनीत विकली जाते. माल रोज जातो, सायकलला किंवा मोपेडला पोतं बांधून. तो शिवणाऱ्या घरातलं माणूस मात्र लाईनीतल्या गादीवर क्वचितच पोचतं. का पोचत नाही, हे या प्रकरणात एका घरापुरतं तपासलं आहे.

हे घर कुणा एकाचं नाही. अशा अनेक घरांत जे सारखंच घडतं ते एका घरात आणून मांडलं आहे. जोडाचा दर, कातड्याचा खर्च, उचलीची रक्कम हे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. योजनांच्या अटी, रकमा आणि वर्षं मात्र खरी आहेत.

घर आणि काम

घरात पाच माणसं. आजी, नवरा-बायको, बी.कॉम. झालेली मुलगी आणि बारावी सायन्स झालेला मुलगा. खोल्या दोन, त्यातली पुढची कामाची. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं म्हशीचं कातडं आणून ते भिजवायचं. रापीने तळ कापायचा, थरावर थर बसवून ठोकायचे, मधे पट्टा जोडायचे कान धरायचे, टाच लावायची आणि आरीने भोकं पाडून कातड्याच्याच वादीने शिवत जायचं. खिळा कुठंच नाही. ही कामं वडिलांची. पट्ट्याची वेणी आई विणते, ठसे तीच मारते. गोंडे आजी करते. शेवटी माल सावलीत वाळवून तेलाचा हात फिरवायचा. उन्हात टाकला तर तळ वाकतो आणि वाकलेला जोड दुकानात बाजूला पडतो.

तिघांच्या हातून आठवड्याला बारा जोड निघतात असं धरू. कातडं, वादी, रंग मिळून जोडाला २५० रुपये. हंगामात दुकान जोडाला ५५० रुपये देतं. म्हणजे हातात ३०० राहतात. महिन्याचे ४८ जोड, १४,४०० रुपये. हा तीन माणसांच्या मजुरीचा आकडा आहे. पण दुकानाच्या वहीत नाव एकच, वडिलांचं. आईची वेणी आणि आजीचे गोंडे कुठल्याच कागदावर उमटत नाहीत. पुढे बँकेत आणि सरकारी योजनेत घर अडतं त्याची एक मुळी इथे आहे.

दुकानदार अनेकदा याच चर्मकार समाजातला असतो. त्याचे वडील किंवा आजोबा याच गल्लीत बसून शिवत होते. एका पिढीत कुणाला लाईनीत गाळा मिळाला, कुणाला नाही, तेवढ्यावर पुढचं सगळं फाटलं. जात एक, जयंतीची मिरवणूक एक, पण मुलांच्या शाळा वेगळ्या झाल्या. स्थळ बघताना ‘स्वतःचं दुकान आहे की मालावर काम?’ हा प्रश्न पहिला येतो. वर्गाची भिंत जातीच्या आतही उभी राहते आणि ती बाहेरून दिसत नाही. म्हणून ‘समाजासाठी’ काढलेल्या योजनेचा लाभ बहुतेक वेळा आधीच गाळा असलेल्या घरापर्यंतच थांबतो. कागद त्याच्याकडे तयार असतात.

जून

चपलेचा धंदा पावसाळ्यात बसतो. कातडं वाळत नाही, त्यावर बुरशी धरते आणि चिखलात कुणी कोल्हापुरी घालत नाही. नवरात्र आणि दसऱ्यापासून गिऱ्हाईक परततं, दिवाळी, लग्नसराई आणि मे महिन्यातले अंबाबाईचे पर्यटक इथपर्यंत हंगाम चालतो. याच पावसाळ्यात शाळा-कॉलेजचे प्रवेश येतात. घरात पैसा सर्वांत कमी असतो तेव्हाच सर्वांत मोठा खर्च दारात उभा राहतो. या एका जुळणीवर सगळं प्रकरण फिरतं.

मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो. शिकवणी शुल्काचा मोठा भाग शिष्यवृत्तीत जाईल, पण कॉलेजची अनामत, इतर शुल्क, जुना लॅपटॉप, ड्रॉइंगचं साहित्य, बसचा पास मिळून ३०,००० रुपये लगेच हवे असतात. वडील दुकानात जातात.

‘एवढ्या डाव भागवा शेठ, दसऱ्याला सगळा माल तुमच्याकडंच टाकतो.’

‘पैशाचं काय न्हाई मामा, घेऊन जावा. पर दर आजचाच धरायचा.’

आजचा, म्हणजे मंदीतला दर ४५० रुपये. व्याजाचा शब्द निघत नाही, चिठ्ठी होत नाही. दोघांनाही हा शेजारधर्म वाटतो आणि दुकानदाराच्या मनात खोट असते असं नाही. गाळ्याचं भाडं, न खपलेला माल, नोकरांचे पगार तोही पावसाळाभर अंगावर घेऊन बसलेला असतो.

पण हिशेब करू. ४५० च्या दराने ३०,००० फेडायला ६७ जोड लागतात. तेच जोड दसऱ्याला ५५० ने गेले असते तर ३६,८५० आले असते. चार महिन्यांसाठी ६,८५० रुपये जास्त गेले, वर्षाचा दर काढला तर साठ टक्क्यांच्या वर. त्याहून वाईट पुढे आहे. आठवड्याला बारा जोड म्हणजे ६७ जोडांना साडेपाच आठवडे. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, हंगामाचा माल भरायच्या ऐन दिवसांत, घरातले सहा हात फक्त जूनचे पैसे फेडत असतात. शिवाय त्या ६७ जोडांचं कातडं, १६,७५० रुपयांचं, नव्याने आणावं लागतं, कारण जूनचे पैसे कॉलेजात गेलेले असतात. ते कातडं व्यापाऱ्याकडून उधारीवर येतं. उधारीवर घेणाऱ्याला पाठीचं चांगलं कातडं मिळत नाही, पोटाकडचं सैल मिळतं. सैल कातड्याचा तळ लवकर पसरतो, माल दुय्यम ठरतो आणि पुढच्या वेळी दर वाढवून मागायला तोंड राहत नाही.

मुलाला वर काढण्यासाठी घेतलेल्या पैशानेच बाप आणखी एक वर्ष त्याच जागी बांधला जातो. शिक्षणाची किंमत न कळल्यामुळे घर मागे राहिलेलं नाही. ती किंमत चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या ठिकाणाहून चुकवावी लागल्यामुळे राहिलं आहे.

कागद

याच गावात १९०२ साली, २६ जुलैला, शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या. १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. बोर्डिंगची एक गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. तिथे मुलाच्या जेवणाची आणि राहण्याची सोय पहिल्या दिवसापासून होत असे, बापाने आधी खर्च करून नंतर परतावा मागायचा नव्हता. आजची शिष्यवृत्ती रकमेने मोठी असेल, पण ती नंतर येते. आधी भरणारा घरचा माणूसच असावा लागतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. हे घर त्यात सहज बसतं. अडचण जात वैधता प्रमाणपत्राची. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा-पणजोबा शाळेत गेले त्यांना शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा एका फेरीत मिळतो. या घरातले पणजोबा कागल तालुक्यातल्या एका गावात गुरं राखत आणि चपला शिवत, शाळेत गेले नाहीत. म्हणजे ज्या घरात शिक्षण उशिरा आलं त्या घरालाच आपण मागास आहोत हे सिद्ध करणं जड जातं.

यातून वाट निघते ती कोतवाल बुकातून. गावच्या जन्म-मृत्यूच्या त्या जुन्या नोंदी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज करताना गावाचं नाव, पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव, आणि जन्माची अंदाजे वर्षं, मागेपुढे दहा वर्षं धरून, लिहावीत. नुसतं आडनाव लिहून काही सापडत नाही. जुन्या नोंदीत बऱ्याचदा आडनाव नसतंच, नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच असतं. नोंद सापडली की आजचं आडनाव आणि तिथलं नाव जोडायला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं. वंशावळीत आणि नोंदीत नावाचं एक अक्षर वेगळं आलं तरी त्रुटी निघते. या घरात ती नावं सांगणारी आजीच होती. मुलगी वही घेऊन तिच्याजवळ तासभर बसली आणि लग्नाच्या वेळी सासरी कोण कोण होतं, इथपासून सगळं लिहून घेतलं. ही वही अर्जाच्या आधी तयार असायला हवी. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने हा अर्ज अकरावीतच टाकावा. बारावीच्या निकालानंतर टाकला तर मुदतीत प्रमाणपत्र हाती येत नाही आणि राखीव जागेवरचा प्रवेश धोक्यात येतो.

‘स्वाधार’ योजनेकडेही घराने पाहिलं होतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाहासाठी पैसे देणारी ती योजना स्थानिक रहिवाशाला मिळत नाही. मुलगा कोल्हापुरातच शिकणार, म्हणून तो बाद. दोन खोल्यांत एकीकडे आरीची ठकठक चालू असताना रात्री अभ्यास करणारा मुलगा ‘घरी राहतो’ एवढ्यावर तो मुद्दा मिटतो.

कर्ज

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये चर्मकार, पादत्राणं करणारा कारागीर येतो. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि त्यानंतर तारणाशिवाय, ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज, १८ महिन्यांत फेडायचं. ३०,००० रुपयांना चार महिन्यांचं ५ टक्क्याने व्याज ५०० रुपये होतं. दुकानातल्या उचलीला तेच ६,८५० पडले होते.

तरी पहिल्या वर्षी हे कर्ज घरापर्यंत आलं नाही. सेवा केंद्रात वडिलांचा अंगठा मशीनवर उमटेना. तीस वर्षं आरी, वादी आणि ओलं कातडं हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या. तीन फेऱ्या वाया गेल्या, प्रत्येक फेरीला अर्ध्या दिवसाचं काम बुडालं. अशा वेळी आधी आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावं आणि नोंदणीला डोळ्यांच्या स्कॅनरची सोय असलेलं केंद्र विचारून जावं. दुसरी अट कुटुंबात एकच लाभार्थी. नवरा, बायको, अविवाहित मुलं मिळून एक नाव. आई स्वतंत्र कारागीर असली तरी तिची वेगळी नोंद होत नाही. मागच्या पाच वर्षांतलं मुद्रा कर्ज थकीत किंवा चालू असेल तरी अर्ज अडतो, पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं.

आणि मंजुरी मिळाल्यावर घरं एक चूक हमखास करतात. लाख मिळतात म्हणून लाख घेतात. लाखाचा १८ महिन्यांचा हप्ता सुमारे ५,८०० रुपये. महिन्याच्या १४,४०० मधून तो काढला तर पाच माणसांना ८,६०० उरतात आणि पावसाळ्यात तर हप्त्यालाही पैसे नसतात. दोन हप्ते चुकले की पत खराब होते आणि दुसऱ्या टप्प्याचे २ लाख दूर जातात.

मुलीने दुसऱ्या वर्षी हिशेब वेगळा बसवला. कर्ज ४०,००० रुपयेच घ्यायचं. जूनची उचल मालात न फेडता ३०,००० शेठना एकरकमी द्यायचे, म्हणजे मालाचा दर मोकळा होतो. १०,००० कातड्याला, रोखीने, पाठीचं. हप्ता सुमारे २,३००. कर्ज ऑक्टोबरच्या तोंडावर उचलायचं, म्हणजे १८ हप्त्यांत पावसाळा एकदाच येतो. जून ते सप्टेंबरचे चार हप्ते, ९,२०० रुपये, ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत १,१५० रुपयांनी वेगळ्या खात्यात टाकायचे. असा महिन्याचा खरा बोजा ३,४५० होतो. जोडामागे ७२ रुपये. हे पेलतं.

हे सगळं बसलं ते मुलीच्या एका सवयीमुळे. तिने दीड वर्ष आधीच छापील बिलबुक आणलं होतं. दुकानात माल टाकला की बिलावर शेठची सही, पैसे शक्यतो खात्यावर. लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी केली, तिला पैसे लागत नाहीत. बँकेने ‘उलाढाल दाखवा’ म्हटलं तेव्हा दाखवायला काहीतरी होतं. गल्लीतल्या बहुतेक घरांकडे उलाढाल असते, पण ती दुकानदाराच्या वहीत असते.

स्वतः विकण्याचा प्रयत्न

२०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखीच चप्पल नाव न घेता दाखवली आणि देशभर बोलबाला झाला. गिऱ्हाईक शोधू लागलं. पण शोधणाऱ्याला ज्याचा बोर्ड, नंबर आणि बिल आहे तोच सापडतो.

मुलाने फोनवरून फोटो टाकून विक्री सुरू केली. जोड १,२०० ला. पहिल्या वीस जोडांतले सात परत आले. चार मापावरून. हाताने कापलेल्या तळात अर्ध्या नंबराचा फरक राहतो. दुकानात गिऱ्हाईक पाय घालून बघतं म्हणून तो खपून जातो, फोनवर नाही. तीन जोडांवर बुरशी होती. वनस्पतींत कमावलेलं कातडं जुलैच्या हवेत पूर्ण वाळलेलं नव्हतं आणि वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली होती. आतली ओल आतच कोंडली. येण्या-जाण्याचं कुरिअर घराच्या अंगावर पडलं.

त्यानंतर त्यांनी तीन गोष्टी बदलल्या. गिऱ्हाइकाकडून कागदावर पाय ठेवून काढलेली रेघ आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतची सेंटिमीटरमधली लांबी मागवायची. जून ते सप्टेंबर कुरिअर बंद. आणि प्लास्टिक नाही, जुना कोरा कागद आणि पुठ्ठ्याचा भोकं पाडलेला खोका. परत येणारे जोड विसात दोनवर आले.

खरा धक्का दुसरीकडून बसला. घर बाहेर विकतंय हे कळल्यावर दुकानाने मालाची मागणी निम्म्यावर आणली. भांडण झालं नाही, फक्त ‘सध्या लागत नाही’ असा निरोप आला. दिवाळीच्या आधी सहा आठवडे घर हलून गेलं. ज्या घराला दोन महिन्यांचा खर्च शिलकीत नाही त्याने हा प्रयोग हंगामाच्या तोंडावर करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात, दुकानालाच मालाची ओढ असताना, आठवड्याच्या बारातले दोन जोड बाजूला काढून सुरुवात करावी आणि ते दुकानदाराला आधी सांगावं. लपवलेली गोष्ट लाईनीत दोन दिवसांत कळते.

दुकानाचा गाळा मात्र कुठल्याच हिशेबात बसला नाही. तिथली अनामत रक्कम आणि भाडं जोडामागे कितीही वाचवलं तरी या उत्पन्नातून उभं राहत नाही. कर्जाला तारण मागितलं की घराचा उतारा मागतात, आणि गल्लीतल्या बऱ्याच घरांचे उतारे पणजोबांच्याच नावावर, वाटण्या न झालेले. गाळा मिळालेल्या घरांनी तो बहुतेक वेळा दोन-तीन पिढ्यांपूर्वी, भाडी कमी असताना घेतलेला आहे. कौशल्याच्या जोरावर आज तिथे नव्याने शिरणारा कारागीर क्वचितच दिसतो. आठवड्याचे दोन दिवस महानगरपालिकेने किंवा चर्मोद्योग महामंडळाने लाईनीच्या परिसरात कारागिराला पाळीने बसायला जागा दिली, तर वर्षभराच्या अनुदानापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. गिऱ्हाईक कारागिराला बघेल, आणि कारागिराला गिऱ्हाईक काय मागतं ते कळेल. ते आज फक्त दुकानदाराला माहीत असतं.

मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात ओळख करून देताना वडील काय करतात याला तो ‘बिझनेस’ म्हणतो. शिरोलीच्या एमआयडीसीत सुट्टीतली इंटर्नशिप काहींना काकाच्या कारखान्यात मिळाली. त्याच्या घरात कारखान्यात ओळख असलेलं कुणी नाही, म्हणून त्याने विभागातल्या एका प्राध्यापकांना गाठलं. प्राध्यापकांनी एक फोन केला आणि पंधरा दिवसांची जागा निघाली. असा एक फोन काही मुलांच्या घरातच असतो, काहींना तो मागावा लागतो. मागायला शिकवणारं कुणी हवं. प्रत्येक कॉलेजने शिकणाऱ्या पहिल्या पिढीतल्या मुलांची यादी करून इंटर्नशिपच्या दोन महिने आधी त्यांच्यासाठी हे काम अंगावर घ्यावं, त्याला एक प्राध्यापक आणि एक फोन एवढंच लागतं.

मुलीची नोकरी कंत्राटी आहे, डेटा भरण्याची. संध्याकाळी परत आल्यावर ती बिलबुक उघडते. यंदा जूनमध्ये शेठकडे जावं लागलं नाही. प्रवेशाच्या खर्चातले १४,००० शिलकीतून गेले, ६,००० तिच्या पगारातून, उरलेल्यासाठी कॉलेजला हप्त्यांचा अर्ज केला. पुढच्या जूनसाठी दसऱ्यापासून आठवड्याला एक जोड वेगळा धरायचा असं ठरलं आहे. वहीच्या मागच्या पानावर त्यांची वेगळी ओळ आहे, आजवर सोळा.